सूचना दिली होती

समरजित खानविलकर बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता आणि संध्याकाळी अकोट्याला घरी आला तरी ती नोकरी त्याच्या अंगावरून उतरत नसे. गॅसचं बटण तो निजण्याआधी दोनदा बघायचा. गॅलरीतल्या कुंड्या आतल्या बाजूला सरकवून ठेवायचा, कारण खालून माणसं जातात. सहा वर्षांच्या शलाकाच्या सायकलला त्यानं दोन आरसे बसवले होते; ती सायकल आवारातल्या बाकापर्यंत जायची आणि परत यायची, तेवढाच तिचा प्रवास. "आपल्या घरात पडायचं असेल तर आधी अर्ज द्यावा लागतो," असं त्याची बायको मोहना म्हणायची. मोहना शाळेत विज्ञान शिकवायची. सासूबाई समोर असल्या की ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची आणि खोलीचं दार लोटलं की 'अरे'. सासूबाईंना हे ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्या सुनेला कळू देत नव्हत्या. अशा बारीकसारीक सवलतींवर ते घर नीट चाललं होतं.

कारखान्यात कुणाला भाजलं, कुणाचं बोट सापडलं, की समरजितला एक छापील कागद भरावा लागे. त्या कागदावर तारीख, वेळ, ठिकाण यांना ऐसपैस जागा होती. तळाशी मात्र 'कारण' असा एक चौकोन होता, दोन बोटं रुंद. त्यात झिजलेला पाइप मावत नसे. सलग दुसरी पाळी करणाऱ्या माणसाचे जड झालेले डोळे मावत नसत. मावायचं एकच वाक्य, आणि ते असं मावायचं की जणू चौकोन त्याच्या मापानंच आखला होता. मराठीत सांगायचं तर, 'कामगारास सूचना दिली होती, पाळली नाही.' हे वाक्य समरजितनं शोधलेलं नव्हतं. भाड्याच्या घरात आधीच्या माणसाची खुर्ची सापडावी तसं ते त्याला जुन्या फायलीत सापडलं होतं. बसून बघितली, बरी वाटली. अकरा वर्षांत त्या वाक्यावर एकदाही कुणी उलटा प्रश्न विचारला नव्हता.

तर दिवाळीची सुट्टी लागली. शलाकाच्या वर्गातली एक मैत्रीण उदेपूरला गेली, एक दुबईला. आणि मोहना उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात गळ्यापर्यंत बुडाली. "तू तिला कुठेतरी घेऊन जा," ती म्हणाली, "नाहीतर ही मला प्रत्येक पेपरावर फूल काढून देईल." समरजित म्हणाला, पावागढ, वर देवीचं देऊळ आहे. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी.

"उडन खटोल्यानंच जायचं," मोहनानं बजावलं. तिथल्या रोपवेचं ते नाव. "पायऱ्या नकोत. ती सहा वर्षांची आहे."

"हो."

हा 'हो' त्याच्या आईनं, विजयमालाबाईंनी, ऐकला आणि तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आपल्या घराण्यातली माणसं गड पायी चढत असत." खानविलकरांचे कुणी पणजोबा बडोद्याच्या सरकारी पागेत होते. ते गड चढले होते की घोड्यांना चंदी घालत होते, याची नोंद कुठे सापडत नाही. पण विजयमालाबाईंच्या बोलण्यात ते दर वर्षी एक गड जास्त चढत. समरजित यावर हसायचा. हसायचा, पण ऐकायचाही.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी बाप-लेक निघाले. समरजितच्या पाठीवरच्या पिशवीत शिट्टी होती, पट्ट्या होत्या, जखमेचं मलम, साखर-मिठाची पुडी, वीस फूट दोरी आणि भर दिवसासाठी एक टॉर्च. शलाकाच्या खांद्याला तिची खाऊची छोटी पिशवी होती. पायथ्याला गाडी लावून ते जीपनं माचीवर गेले. गडाच्या मध्यावर ही सपाटी आहे, दुकानांची आणि माणसांची. तिथूनच उडन खटोला वर जातो. त्याची रांग दुकानं ओलांडून वळली होती आणि वळणानंतर पुन्हा दिसत होती. समरजितनं घड्याळ बघितलं. आई काय म्हणाली ते त्याला आठवलं, असं तो पुढे स्वतःला सांगत असे. खरं तर त्याला रांगेचा कंटाळा आला होता, एवढंच.

"शलू, पायी जायचं?"

"आईला सांगायचं?"

"वर पोचलो की सांगू. गंमत."

शलाकाला गंमत हा शब्द पुरेसा होता. तिनं मीठ-मिरची लावलेली काकडी खाल्ली, मिरची तिखट लागली म्हणून जीभ बाहेर काढून वारा घेतला आणि चढायला लागली. पायऱ्यांवर बाप दोन पावलं पुढे, ती मागे, आणि तिचे प्रश्न दोघांच्या मध्ये.

"बाबा, देवी रोज एवढ्या पायऱ्या चढते?"

"ती वरच राहते."

"मग भाजी कोण आणतं?"

"लोक घेऊन येतात. नारळ, पेढे."

"रोज पेढे? दात किडतील."

मागून येणाऱ्या एका आजीबाई हसून म्हणाल्या, "बहु वातोडी छे ने तमारी दीकरी!" शलाकानं मागे वळून त्यांना ताबडतोब गुजरातीत उत्तर दिलं की मी बडबडी नाही, मी फक्त विचारते. घरात मराठी, जिन्यात गुजराती, भांडताना हिंदी, असं तिचं सगळं वेगळ्या कप्प्यांत नीट लावलेलं असे.

पायऱ्यांवर गर्दी फार झाली तेव्हा एका पडक्या तटाशेजारून समरजितला पायवाट दिसली. शेळ्या चारणारे वापरत असावेत. उभी होती, पण मोकळी होती. त्यानं तिला नियम सांगितले. पाय आडवा टाकायचा. सुट्या दगडावर भार द्यायचा नाही. आणि उतरताना भीती वाटली तर उभं राहून उतरायचं नाही. खाली बसायचं, आणि बसून बसून, घसरगुंडीसारखं, हळू यायचं. शलाकानं तिन्ही नियम पाठ म्हणून दाखवले. आणि चढली तीही अशी, की समरजितचा ऊर भरून आला. हात आडवे करून, जीभ दातात धरून, आईनं विंचरलेल्या दोन वेण्या मानेला चिकटलेल्या. दोनदा त्यानं हात पुढे केला, दोनदा तिनं मानेनंच नको म्हटलं.

वर एक मोठा, बसका खडक होता. खाली दरी, दरीत कोवळं ऊन. तिथं तिला बसवून त्यानं फोटो काढायला फोन काढला, आणि फोन वाजला. कारखान्यातून होता. सोमवारी तपासणीला माणसं येणार होती आणि आग विझवण्याच्या दोन नळकांड्यांवरच्या तारखा जुळत नव्हत्या. आवाज तुटत होता. समरजित चार पावलं खाली उतरला, तरी तुटत होता. मग तो खडकाच्या पलीकडे वळला, तिथं रेघा पूर्ण आल्या.

"इथेच बस हं. हलायचं नाही. दोन मिनिटांत आलो."

तो बोलत राहिला. तारखा कुणी तपासल्या, सही कुणाची, मागच्या वेळी हेच झालं होतं. त्याचं बोलणं अगदी मुद्देसूद होतं. बाजूच्या झाडाची साल तो नखानं काढत होता, तेही मुद्देसूद. मग त्याला हाक ऐकू आली. "बाबा." ओरडल्यासारखी नव्हती. जेवायला बोलवावं तशी साधी होती. फक्त ती वरून यायला हवी होती आणि खालून आली.

तो खडकाला वळसा घालून आला तेव्हा खडक रिकामा होता. दहा-बारा फूट खाली, सुट्या खडीच्या घसरड्यावर, बोरीच्या झुडपात शलाका अडकली होती. गुडघे सोललेले, एक वेणी सुटलेली, आणि डावा हात मांडीवर असा ठेवलेला, जसं दुसऱ्या कुणाचं काही सांभाळायला दिलं आहे.

"बाबा, तू येतच नव्हतास," ती म्हणाली. "मी हाका मारल्या. खूप मारल्या. मग वानर आलं आणि पिशवी ओढायला लागलं. मग मी तुझ्याकडे येत होते. बसून बसून येत होते, तू सांगितलंस तशी. दगडच हलले."

हे तिचं म्हणणं. ते तिनं तिथं, त्या झुडपात, एकदाच सांगितलं, आणि तेच खरं होतं. ती पळाली नव्हती. पायवाटेचा तिसरा नियम तिनं तंतोतंत पाळला होता.

समरजितनं दोरी काढलीच नाही. घाईत ती त्याला आठवलीसुद्धा नाही. तो खडीवरून घसरत खाली गेला, तिला उचललं, कडेवर घेऊन माचीपर्यंत उतरला. जीपमध्ये ती रडली नाही. गाडीत झोपली. हालोलच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा त्यानं फोन उघडून बघितलं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. फोन खोटं बोलत नाही, म्हणून त्याला फोनचा राग आला.

अकोट्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, मनगटाजवळ तडा आहे म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर. मग सहज, लिहिता लिहिता, त्यांनी काय झालं ते विचारलं, "शुं थयुं हतुं, बेटा?"

विचारलं होतं शलाकाला. उत्तर समरजितनं दिलं.

"दोडी गई, साहेब. ना पाडी हती, मानी नहीं."

पळाली. नको म्हणून सांगितलं होतं, ऐकलं नाही. त्यानं ते ठरवून म्हटलं नव्हतं, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. पण एवढंच त्याच्या बाजूनं आहे. अकरा वर्षं जे वाक्य तो इंग्रजीत लिहीत आला होता ते पहिल्यांदाच गुजरातीत बाहेर पडलं, आणि तिथंही चपखल बसलं.

शलाकानं मान वर करून बापाकडे बघितलं. फार वेळ नाही. वर्गात शेजारची मुलगी पुसटसं उत्तर सांगते तेव्हा मुलं बघतात, तेवढंच. मग डॉक्टरांना म्हणाली, "हुं दोडी गई."

डॉक्टरांनी तिला शिंगं असलेल्या पेन्सिलीचं बक्षीस दिलं आणि आता दोडायचं नाही असं सांगितलं. घरी पोचेपर्यंत त्या वाक्याचं मराठी झालं होतं.

"मी पळाले, आई," तिनं दारातच सांगितलं.

मोहनानं आधी हात बघितला, मग नवऱ्याकडे. "उडन खटोल्यात पळाली?"

"रांग फार होती. पायऱ्यांनी गेलो," समरजित म्हणाला. "बस म्हटलं तरी..."

"किती वेळा सांगितलंय, शलाका!" मोहनाचा आवाज चढला आणि चढता चढताच फुटला, आणि तिनं मुलीला पोटाशी घेतलं. शलाका तिच्या कुशीतून म्हणाली, "सॉरी. सॉरी आई. सॉरी बाबा." बाबा हा शब्द तिनं शेवटी घेतला. समरजित बूट काढायला वाकला आणि नाडीच्या गाठीशी नको इतका वेळ खटपट करत राहिला.

दुसऱ्या दिवशी मोहनाचे वडील आले. दत्तात्रेय पंडित रावपुऱ्यात राहत, युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि जगातली कुठलीही गोष्ट ऐकली की ती किती वेळा घडू शकते याचा विचार करत. त्यांनी नातीचं प्लास्टर टिचकीनं वाजवून बघितलं.

"समरजितराव, ही मुलगी आमच्याकडे जिनासुद्धा कठडा धरून उतरते. एकेक पायरी. मी मागे उभा राहून कंटाळतो. पळाली कशी?"

"सुट्टीत मुलं बदलतात, बाबा."

"एका दिवसात?"

"आजोबा, मी पळाले," शलाका मधेच म्हणाली, आणि समरजितच्या छातीतून सुटकेचा श्वास गेला. तो श्वास त्याचा त्यालाच ऐकू आला. सहा वर्षांच्या पोरीनं आपली बाजू सांभाळली आणि आपल्याला बरं वाटलं! त्या दिवशी तो जेवला नाही. आईला म्हणाला, फराळ फार झाला.

सांगावं असं त्याला रोज वाटे. सकाळी दाढी करताना तर इतकं वाटे की तो आरशात तोंड उघडायचा. पण मोहना पेपर तपासत असे, किंवा आई जवळ असे, किंवा कुणी नसे आणि मग इतक्या शांततेत कसं सांगायचं असं वाटे. भित्र्या माणसाला सोयीची वेळ कधी मिळत नाही, आणि गैरसोयीची वेळ तो मोजत नाही. शिवाय त्याला एक आशा होती: मूल आहे, विसरेल.

मग पाडवा आला. बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हा दिवस दोनदा करावा लागतो; सकाळी आपला पाडवा, आणि त्याच वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बेसतुं वरस, म्हणजे नवं साल. उजाडायच्या आत बेल वाजायला लागते. 'साल मुबारक, साल मुबारक' करत माणसं येतात, पाच मिनिटं टेकतात, काजू तोंडात टाकतात आणि पुढच्या दाराशी जातात. तीन तासांत अख्खी इमारत घरातून वाहून जाते. विजयमालाबाई नऊवार नेसून सोफ्यावर बसल्या होत्या, मोहना तबक फिरवत होती. आणि प्रत्येक माणूस, साल मुबारक म्हणून झालं की, शलाकाच्या हाताकडे बघून एकच प्रश्न विचारत होता.

शलाका सांगत होती. समरजित दाराजवळच्या खुर्चीत बसून ऐकत होता. पहिल्या तिघांना तिनं नुसतं सांगितलं, मी पळाले. चौथ्याला सांगितलं, बाबा बस म्हणाले होते, पण वानर आलं, मी हाका मारल्या आणि पळाले. सातव्या घराची माणसं आली तेव्हा बाबा 'थांब, थांब' असं ओरडत होते. समरजित चपापला; 'थांब' हा शब्द त्यानं उच्चारलाच नव्हता, त्याला उच्चारायला तिथं असावं लागलं असतं. दहाव्या वेळी वानर गळालं. बाराव्या वेळी हाका गळाल्या. पंधराव्या वेळी वरच्या मजल्यावरच्या शाहकाकी आल्या, तेव्हा बाबांनी धावत येऊन तिला झेललं होतं, म्हणून फक्त हातच मोडला. सांगताना तिनं कपाळावर हात मारून घेतला, थेट आजीसारखा. काकी हसल्या. सगळे हसले. शलाका इतकी रंगली होती की आता ती आठवून सांगत होती की बघून, हे बापालाही कळेना.

अकराच्या सुमाराला नारायण आला.

नारायण कारखान्यात पंपावर होता. पंचेचाळिशीचा, मूळचा नंदुरबारकडचा, दर पाडव्याला साहेबांकडे येऊन पाया पडू पाहणारा आणि दर पाडव्याला साहेबांनी मधेच धरलेला. उन्हाळ्यात त्याच्या उजव्या हातावर ॲसिड उडालं होतं. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी गुलाबी, चकचकीत, ताणलेली झाली होती. कागदाच्या तळच्या चौकोनात समरजितनं लिहिलं होतं, हातमोजे घातले नाहीत, सूचना दिली होती, पाळली नाही. हातमोजे फाटले होते. नवे मागवण्याच्या कागदावर समरजितची सही व्हायची होती. तो कागद त्याच्या टेबलावर नऊ दिवस होता. हे चौकोनात मावलं नव्हतं.

"काय झालं बेबीला?" नारायणनं विचारलं.

शलाकानं सोळाव्यांदा सांगितलं. नारायणनं सगळं मन लावून ऐकलं, चहाची बशी खाली ठेवली आणि आपला हात तिच्या प्लास्टरशेजारी धरला.

"माझं पण असंच झालं बघ. साहेबांनी सांगितलं होतं, मोजे घाल. मी ऐकलं नाही. चूक माझीच."

"दुखलं?"

"दुखलं ना. पण चूक केली की दुखणारच."

"हो," शलाका मोठ्या माणसासारखी म्हणाली. "माझीपण चूकच."

दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत बसले, एकाच वर्गातली दोन नापास मुलं बसावीत तशी. नारायणच्या बोलण्यात टोमणा असता तर समरजितला चाललं असतं. त्यानं तो परतवला असता. पण टोमणा नव्हता. नारायणला ते खरं वाटत होतं. नोव्हेंबरपर्यंत सहा महिन्यांत त्यानं ते किती जणांना सांगितलं असेल कुणास ठाऊक. बायकोला, गावी आईला, पाळीतल्या माणसांना. सांगता सांगता ते त्याचं झालं होतं. आणि शलाकाला पाचच दिवस पुरले होते.

"ती पळाली नाही," समरजित म्हणाला.

आवाज मोठा निघाला. तबक घेऊन उभी असलेली मोहना, विजयमालाबाई, नुकतेच येऊन टेकलेले दत्तात्रेय, सगळ्यांनी बघितलं.

"ती पळाली नव्हती. मी तिला खडकावर एकटी सोडून फोनवर बोलत होतो. पायऱ्याही नव्हत्या, आडवाट होती. मी खोटं सांगितलं."

मग विजयमालाबाई कौतुकानं हसल्या. "बघा. सणाच्या दिवशी लेकीला बोल लागू नये म्हणून स्वतःवर घेतोय. लहानपणापासून असाच मोठ्या मनाचा."

"बाप आहे शेवटी," नारायण म्हणाला. "साहेब मनानं लई चांगले."

पाच दिवस समरजितनं जे साठवून ठेवलं होतं ते त्यानं भर बैठकीत ओतलं, आणि त्याचंही त्याला श्रेयच मिळालं. दत्तात्रेय हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला नाही. आणि मोहनाही हसली नाही. तिनं तबक हळूच टेबलावर ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

नारायणला पोचवायला समरजित लिफ्टपर्यंत गेला. "नारायण, ते मोजे फाटलेले होते. नवे माझ्यामुळे अडले होते. चूक तुमची नव्हती."

नारायण गोंधळला, मग अवघडून हसला. "जाऊ द्या ना साहेब, सणाच्या दिवशी कुठं काढता." त्याला लिफ्ट लवकर यावीशी वाटत होती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

स्वयंपाकघरात मोहना ओट्याला टेकून उभी होती. "किती वेळ?"

"अकरा मिनिटं. चाळीस सेकंद."

"ती हाका मारत होती?"

"हो."

"तुला ऐकू आल्या नाहीत?"

"शेवटची आली."

आई बाहेरच्या खोलीत होती, तरी मोहना 'अहो' विसरली. "पडली ते मी समजू शकते, समर. माझ्याही हातून पडली असती. पण मी तिला ओरडले. डॉक्टरांनी तिलाच बजावलं. बाबांनी विचारलं, तेव्हा ती मधे बोलली, तुला वाचवायला, आणि तू तिला बोलू दिलंस." तिनं ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, पुन्हा उलगडलं. "आता मला सांगून तू मोकळा झालास. तिला कोण मोकळं करणार?"

"मी सांगतो तिला."

"सांग. आत्ता. पुढची माणसं यायच्या आत."

शलाका गॅलरीत झोक्यावर बसली होती, एका हातानं कडी धरून. समरजित तिच्यासमोर जमिनीवर बसला, म्हणजे त्याचं डोकं तिच्या गुडघ्यांशी आलं.

"शलू, तू पळाली नाहीस. चूक बाबाची होती."

"नाही बाबा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "मी पळाले. पण आता नाही पळणार. प्रॉमिस."

"आपण सगळं पहिल्यापासून आठवू. जीपमधून उतरलो. मग?"

"मग काकडी. तिखट होती."

"मग?"

"मग पायऱ्या. मग ती आजी मला वातोडी म्हणाली. मग पायवाट. पाय आडवा टाकायचा."

"शाब्बास. मग?"

"मग मोठा दगड. मी बसले."

"मग?"

"मग मी पळाले."

"मी कुठे होतो?"

"मागे. थांब, थांब म्हणत होतास."

"मी तिथं नव्हतो, शलू. तू मला हाका मारल्यास. वानर आलं होतं, पिशवी ओढत होतं. आठवतं?"

शलाकानं झोका थांबवला. कपाळाला आठ्या घालून तिनं आठवायचा खरोखर प्रयत्न केला. तो प्रयत्न बघणं समरजितला त्या अकरा मिनिटांपेक्षा जड गेलं. "वानर पायऱ्यांवर होतं ना?" ती म्हणाली.

"पुन्हा. जीपमधून उतरलो."

ती पुन्हा उतरली. काकडी खाल्ली, आजीला उत्तर दिलं, पायवाटेनं चढली, खडकावर बसली, आणि पळाली. त्यानं तिसऱ्यांदा सुरुवातीपासून विचारलं. या वेळी खडकापाशी ती थांबली. तिनं बापाच्या तोंडाकडे बघितलं, डोळ्यांकडे, मग ओठांकडे; दवाखान्यात बघितलं होतं तसंच, फक्त आता जास्त वेळ. बरोबर उत्तर काय आहे ते तिथं कुठे दिसतंय का, ते ती शोधत होती.

बेल वाजली. दारातून 'साल मुबारक' ऐकू आलं, दोन-तीन गळ्यांतून एकदम. शलाका झोक्यावरून घसरून उतरली, दोन पावलं गेली आणि वळली.

"बाबा," तिनं हळू आवाजात विचारलं, "आता कुठलं सांगू?"